नोटीस झाडाला, पत्रे शेजाऱ्याला

शेजारच्या बंगल्यातल्या आंब्यावर मागच्या वर्षी एक कागद चिकटवलेला दिसला. जाहीर नोटीस होती. सदर मिळकतीतील पुढील वृक्ष बांधकामास अडथळा होत असल्याने काढण्याबाबत अर्ज आला आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. खाली यादी: आंबा १, नारळ ३, रामफळ १. बंगला विकला गेला आहे आणि तिथे दोन मजले पार्किंग व वर नऊ मजले उभे राहणार आहेत, हे आमच्या गल्लीला त्या झाडामुळे कळले. पुढच्या पंधरवड्यात कुंपणाला निळे पत्रे लागले आणि ब्रेकर सुरू झाला.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या बंगल्यांच्या वस्तीत हे असेच घडते. डेक्कन, प्रभात रस्ता, मॉडेल कॉलनी, सहकारनगर, कुठेही विचारा. झाड तोडायचे असेल तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. अकरा मजले बांधायचे असतील तर शेजाऱ्याला पोस्टकार्डसुद्धा पाठवावे लागत नाही. मग ज्याची खरी तक्रार उन्हाची, पाण्याची किंवा भिंतीच्या तड्याची असते, तो माणूस रामफळाच्या प्रेमाने भरलेला अर्ज लिहितो. दुसरी खिडकी उघडीच नसते. निवासी भागातल्या नव्या बांधकामाला शेजारी हरकत घेतात तेव्हा नेमके काय होते, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते. आपल्याकडे हरकती भरपूर आहेत, पण त्या चुकीच्या खिडकीवर जातात आणि उशिरा जातात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात बांधकाम परवानगी हा दोघांतला व्यवहार आहे. कलम ४४ प्रमाणे मालकाने अर्ज करायचा, कलम ४५ प्रमाणे महापालिकेने तो मंजूर किंवा नामंजूर करायचा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर नियमांत बसणारी परवानगी मिळाली असे मानायचे. नकार मिळाला किंवा जाचक अटी लागल्या तर कलम ४७ खाली अपील आहे, पण ते अर्जदाराला. शेजारी या सगळ्यात कुठेच नाही.

यामागे एक विचार आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. शेजाऱ्याची काळजी नियम करतानाच घेतलेली असते, असे कायदा गृहीत धरतो. किती मजले, किती अंतर, किती गाड्या, हे आधीच ठरलेले. मग प्रत्येक घराच्या वेळी पुन्हा गल्लीची सभा कशाला? नियम होत असताना हरकतीची संधी मिळतेही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे ‘हरकती व सूचना’ मागवतात, त्यात छोटा बदल करायचा तर कलम ३७ प्रमाणे पुन्हा मागवतात. लोक त्या देतातही. मुंबईच्या २०१५च्या मसुद्यावर इतका गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो दुरुस्त करून नव्याने मांडायला सांगावे लागले. पण त्या मसुद्यात माणूस काय पाहतो? आपल्या घरावर आरक्षण पडले का, रस्ता आपल्या अंगणातून गेला का. शेजारच्या प्लॉटला किती चटई क्षेत्र मिळणार आणि त्याची सावली आपल्या स्वयंपाकघरावर किती वाजता पडणार, हे त्या रंगीत नकाशावर दिसत नाही. ते दिसते दहा-पंधरा वर्षांनी, पत्रे लागल्यावर.

हा विषय नवा मुळीच नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांना वेगळी प्रकरणे दिली आहेत. दोन घरांत किती जागा सोडायची, पाणी कुठे सोडायचे, वळचण किती पुढे काढायची, असे बारीक तपशील त्यात येतात. घर विकायचे झाले तर आधी नातेवाइकांनी, मग शेजाऱ्यांनी आणि मग सावकारांनी विकत घ्यावे, असा क्रमही सांगितला आहे. म्हणजे शेजाऱ्याला किंमत होती, आणि ती सावकाराच्या आधीची होती.

आपल्या शहरांतले आजचे नियम मात्र तिथून आलेले नाहीत. ते प्लेगातून आले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळी हे रोगाचे घर आहे अशी त्या काळच्या डॉक्टरांची व अधिकाऱ्यांची खात्री झाली. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती याच ट्रस्टच्या आखणीतल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा ध्यास घेतला होता. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी असू नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर हिशेब सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मोकळे हवे. इमारत दहा मीटर असेल तर मोकळी जागा पाच मीटर.

आता आजच्याकडे या. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ साऱ्या राज्याला एकच नियमावली लागू आहे, तिला बांधकाम क्षेत्रात सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे रोजच्या भाषेत ‘साइड मार्जिन’, साधारणपणे उंचीच्या पाचव्या हिश्शाइतके सोडायचे. पस्तीस मीटरच्या इमारतीला सात मीटर. शेजारी तीन मीटर अंतर सोडलेला जुना बंगला असेल तर दोन भिंतींत दहा मीटर. ऑरसाहेबांच्या हिशेबाने ते साडेसतरा हवे होते. नियम वाईट आहेत असे मी म्हणत नाही. शहरात माणसे वाढली, जमीन वाढली नाही. पण ‘शेजाऱ्याची काळजी नियमात घेतलेली आहे’ हे वाक्य ऐकताना, ती काळजी शंभर वर्षांत निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर आली आहे, एवढे लक्षात ठेवावे.

त्यातही खरा खेळ रस्त्याच्या रुंदीत आहे, आणि सामान्य माणसाला तो सगळ्यात शेवटी कळतो. समजा, प्लॉट एक हजार चौरस मीटरचा, साधारण दहा गुंठे. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१०, म्हणजे १,१०० चौरस मीटर. अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे विकास हक्क, आणून वाढवायची सोय नाही. रस्ता नऊ मीटर झाला की मूळ, अधिमूल्य आणि टीडीआर मिळून निर्देशांक २.०० पर्यंत जातो. यावर निवासी इमारतीला आणखी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळते. आता गुणाकार करा. पहिल्या रस्त्यावर १,७६०, दुसऱ्यावर ३,२०० चौरस मीटर. रस्त्याच्या दोन्ही कडेच्या मालकांनी दीड-दीड मीटर जमीन सोडली तर सहाचा रस्ता नऊचा होतो आणि इमारत जवळपास दुप्पट. पुणे महापालिकेत २०२० साली सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कागदावर तो वाहतुकीचा विषय होता. बंगलेवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या दृष्टीने तो चटई क्षेत्राचा विषय होता. शेजाऱ्याने हरकत घ्यायची खरी वेळ ती होती. पण ‘रस्तारुंदी’ या मथळ्याखाली आपल्या खिडकीतले ऊन लपले आहे, हे किती जणांना कळले असेल?

हरकती कशाकशाच्या असतात, ते पाहू. सगळ्यात जुनी हरकत उजेडाची.

इथे एक खासगी गोष्ट सांगतो. मी ज्या चारमजली इमारतीत राहतो तीसुद्धा बंगला पाडूनच झाली, १९९४ साली. सोसायटीची जुनी फाइल चाळताना मला शेजारच्या बंगल्यातल्या आजींचे, म्हणजे ज्यांच्या आवारातल्या आंब्यावर आता नोटीस लागली त्यांचे, तेव्हाचे पत्र सापडले. फुलस्केप कागद, निळी शाई, ठळक वळणदार अक्षर. ‘आपल्या नियोजित इमारतीमुळे आमच्या अंगणात दुपारी तीननंतर ऊन राहणार नाही. वाळवणे घालण्यास व तुळशीस त्रास होईल. तरी एक मजला कमी करावा ही विनंती.’ कुणीतरी समासात पेन्सिलीने ‘फाइल करणे’ असे लिहिले होते. बस्स. आजींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. गेली तीस वर्षे मी माझ्या गॅलरीतून त्यांच्या अंगणात दुपारी तीनला पडणारी आमची सावली पाहतो आहे. पावणेतीनला ती कुंपण ओलांडते.

आजी कोर्टात गेल्या असत्या तर काय झाले असते? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यातल्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला एखाद्या बाजूने वीस वर्षे सलग, शांतपणे, हक्क म्हणून उजेड आणि हवा मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. पण तो खिडकीचा, घराचा. मोकळ्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा असा हक्क वहिवाटीने मिळत नाही, हे कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तुळस आणि पापड-कुरडया दोन्ही कायद्याबाहेर. उलट, आता आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांना तीस वर्षे झाली, म्हणून शेजारच्या नव्या इमारतीविरुद्ध उजेडाचा हक्क सांगायला आम्ही मोकळे. ज्यांनी आजींचे ऊन अडवले, त्यांनाच आजींच्या जमिनीवरून येणाऱ्या उजेडाचा हक्क! अर्थात तेवढ्याने काम भागत नाही. कलम ३३ प्रमाणे भरीव नुकसान दाखवावे लागते. थोडा अंधार वाढला, दुपारी दिवा लावावा लागतो, इतक्यावर न्यायालये सहसा बांधकाम थांबवत नाहीत. राहण्याजोगी सुखसोय खरोखर गेली का, हे पाहतात.

टेकडी दिसेनाशी होणे हे दुसरे दुःख. लोक त्याबद्दल सगळ्यात जास्त बोलतात आणि कायद्यात त्याला सगळ्यात कमी जागा आहे. देखावा हा कुणाचा हक्क नाही. जाहिरातीत ‘हिल व्ह्यू’ छापणारा बिल्डर दुसऱ्याच्या डोक्यावरचे आकाश विकत असतो, आणि घेणारा ते पैसे मोजून घेतो. पुढे समोरच्याने त्याच्या जागेत बांधले की फसवणूक झाल्याचा राग शेजाऱ्यावर निघतो. या रागाबद्दल मला सहानुभूती आहे, हरकत म्हणून तो मान्य नाही.

पाणी, ड्रेनेज आणि पार्किंग यांवर रोजची भांडणे होतात. गल्लीतल्या ज्या जुन्या वाहिनीला पूर्वी एका कुटुंबाचे नळजोड आणि सांडपाण्याचे पाइप होते, तिलाच आता अठरा-वीस फ्लॅट जोडले जातात. टँकर उभा राहिला की शाळेची बस वळत नाही. पण हरकतदारांचे म्हणणे बहुधा चुकीच्या माणसाकडे जाते. गल्लीतल्या वाहिनीची क्षमता वाढवणे हे पालिकेचे काम आहे. विकास शुल्क आणि अधिमूल्य पालिकेने घेतलेले असते. नव्या मालकाशी भांडून पाइप रुंद होत नाही.

माझ्या मते सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात कमी ऐकली जाणारी हरकत खोदकामाची. तळघरासाठी आठ-दहा मीटर खणायचे, तेही शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून. आपल्या जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क १८८२च्या कायद्यातच आहे, त्याला वीस वर्षांची अटही नाही. तरीही जुन्या बंगल्याच्या भिंतीला तडा गेला की ‘तो आधीचाच होता’ हे ठरलेले उत्तर येते, आणि आधीचा नव्हता हे सिद्ध करायला कुणाकडे कागद नसतो. कोंढव्यात २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात, एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली, त्यांत मुलेही होती. हद्दीच्या भिंतीवरून दोन सुखवस्तू बाजू एकमेकांना पत्रे लिहीत असतात, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी तिसरेच कुणीतरी झोपलेले असते. त्याची हरकत कुठल्याही फाइलीत नसते.

धूळ आणि आवाज यांबद्दल नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ब्रेकरशेजारी राहणाऱ्याला ती वाचून हसू येईल. पण हा त्रास दोन-तीन वर्षांचा असतो, म्हणून मी तो उजेड आणि भिंत यांच्या पंक्तीला बसवत नाही. आजारी माणूस घरात असेल तर माझे हे मत त्याला सांगायची हिंमत मात्र मला होणार नाही.

आता या विषयाची नकोशी बाजू. पुष्कळ हरकती घराबद्दल नसतातच, घरात येणाऱ्यांबद्दल असतात. ‘इथे कोण येणार?’ हा प्रश्न गल्लीत आधी विचारला जातो, ‘किती मजले?’ नंतर. मांसाहारी, दुसऱ्या धर्माचे, वस्तीतून आलेले, एकट्या राहणाऱ्या मुली, विद्यार्थ्यांचे पीजी. झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत शेजारी येणार म्हटले की एरवी पर्यावरणाचा शब्द न काढणाऱ्यांना अचानक वाऱ्याची दिशा आठवते. कायदा इथे नेहमी मदतीला येतोच असे नाही. एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना ठेवण्याचा उपविधी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. शेजारच्या गुजरातमध्ये १९९१चा अशांत क्षेत्र कायदा आहे. जाहीर झालेल्या भागात घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने पडत्या भावात घरे विकावी लागू नयेत हा त्याचा सांगितलेला हेतू. व्यवहारात तो कोणी कोणाच्या शेजारी राहावे हे ठरवण्याचे हत्यार बनला, अशी टीका वर्षानुवर्षे होत आली आहे. शेजाऱ्याला हरकतीचा अधिकार द्या असे म्हणणाऱ्याने ही उदाहरणे डोळ्यांआड करू नयेत. अधिकार दिला की तो असाही वापरला जाणार.

मालकाचीही बाजू असते. ज्या आजींनी ते पत्र लिहिले त्या गेल्या. मुलगे दोन, नातवंडे चार, त्यांतली तीन परदेशात. सत्तर वर्षांचे छप्पर गळते, एका मजल्यावर भाडेकरू, वाटणी करायची तर पाडण्यावाचून मार्ग नाही. एका कुटुंबाच्या जागी अठरा कुटुंबे राहू शकत असतील तर ती शहराच्या मध्यात, कामाच्या जवळ राहावीत, हेच शहाणपणाचे. नाहीतर तीच अठरा कुटुंबे वाघोली किंवा हिंजवडीच्या पलीकडे जातील आणि रोज दोन तास गाडीत बसून आपल्याच रस्त्यावर येतील. फ्लॅटमध्ये बसून नव्या फ्लॅटला विरोध करणाऱ्यांत मीही आलो, म्हणून हे जरा मोठ्याने म्हणतो.

शिवाय हरकतीचा धंदाही आहे, याची कुजबुज प्रत्येक बिल्डर करतो आणि ती सगळीच खोटी नसते. माहितीच्या अधिकारात नकाशा काढायचा, एक तक्रार ठोकायची आणि मग ‘बसून मिटवायचे’. काही वेळा सोसायटीच तक्रार मागे घेते आणि महिनाभरात तिच्या गेटला नवा रंग आणि सीसीटीव्ही लागतो. अशा एका तडजोडीने पुढच्या दहा खऱ्या हरकती स्वस्त होतात.

मग न्यायालये काय म्हणतात? एक गोष्ट पक्की आहे: नियम मोडला असेल तर शेजाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे. उडुपीत १९७०च्या आसपास एका निवासी भागात मंगल कार्यालय आणि व्याख्यानगृह म्हणून घेतलेल्या परवानगीचे पुढे चित्रपटगृह करण्यात आले. परिसरातल्या एका रहिवाशाने आव्हान दिले. के. रामदास शेणॉय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द ठरवली. नगररचना योजनेच्या विरुद्ध जाऊन बांधलेली इमारत तिथल्या रहिवाशांच्या हक्कांवर घाला घालते, आणि बांधणाऱ्याने पैसा ओतला आहे एवढ्याने ती कायदेशीर होत नाही, हा त्याचा सारांश. पन्नास वर्षे वकील हा निकाल दाखवत आले आहेत.

दुसरे उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. नोएडातल्या जुळ्या मनोऱ्यांविरुद्ध लढणारे त्याच संकुलातले रहिवासी होते, एका अर्थाने सख्खे शेजारी. जिथे बाग दाखवली होती तिथे मनोरे उभे राहिले आणि जुन्या इमारतीपासून किमान सोळा मीटर अंतर हवे असताना ते नऊच मीटर होते. रहिवासी २०१२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, २०१४ साली जिंकले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३१ ऑगस्ट २०२१ रोजी आला आणि मनोरे पडले २८ ऑगस्ट २०२२ रोजी. दहा वर्षे. धूळ बसल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सात मीटरचा फरक नकाशा दाखल झाला त्याच आठवड्यात कुणी टेप लावून दाखवला असता तर स्फोटकांचा खर्च वाचला असता.

या दोन्ही खटल्यांत नियम मोडलेले होते. आमच्या शेजारच्या अकरा मजल्यांत तसे काही नसावे, आणि बहुतेक ठिकाणी नसते. नियमात बसणारी पण शेजाऱ्याला जाचणारी इमारत हीच खरी अडचण आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे दार नाही. परवानगीच्या आदेशाला साध्या दिवाणी दाव्यात आव्हान द्यायला गेले की १९६६च्या कायद्याचे कलम १४९ आडवे येते. उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. उजेडाच्या एका खिडकीसाठी मुंबईपर्यंत जाणे, वकिलाची फी, तारखा. पूर्वी नगरसेवकाला गाठून किमान एक बैठक तरी लावता येत असे. मार्च २०२२ नंतर पुण्यात कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही, तेव्हा तेही दार बंद होते.

इंग्लंडमध्ये उलट टोक आहे. तिथे घराला नवी खोली जोडायची तरी अनेकदा शेजाऱ्याला पत्र जाते किंवा दारात नोटीस लागते, एकवीस दिवस हरकती घेतात. मात्र कुठली हरकत विचारात घ्यायची हे ठरलेले असते. सावली, एकमेकांच्या घरात डोकावणे, रहदारी यांचा विचार होतो. देखावा गेला किंवा माझ्या घराची किंमत घसरली, हे मोजत नाहीत. या पद्धतीने तिथे घरे बांधणे इतके रखडले आहे, की तरुणांना घर मिळत नाही ही तिकडची मोठी राजकीय तक्रार बनली. ती पद्धत जशीच्या तशी इथे आणा असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या १९९६च्या सामाईक भिंतीच्या कायद्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. हद्दीजवळ खणायचे तर शेजाऱ्याला आधी लेखी कळवायचे. मतभेद झाला तर तज्ज्ञ नेमतात, आणि शेजारच्या भिंतींची आजची स्थिती, तडे, ओल, सगळे फोटोंसह आधी नोंदवून ठेवतात. मग ‘तडा आधीचाच होता’ या वाक्याला जागा राहत नाही. जपानने उन्हाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९७२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात येणाऱ्या उन्हाला संरक्षण दिले आणि १९७६ साली बांधकाम कायद्यात सावलीचे तास मोजण्याचा नियम आला: हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी शेजारच्या जागेवर किती तास सावली पडू शकते, याची मर्यादा. म्हणजे आजींच्या अंगणाचा हिशेब.

आपल्याला यातले फार थोडे पुरेल. परवानगीचा अर्ज आला की हद्दीला लागून असलेल्या मिळकतींना पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. हरकती चारच मुद्द्यांवर घ्याव्यात: अंतर, उजेड, खोदकाम, पाण्याचा निचरा. येणाऱ्या माणसांबद्दलचा शब्द आला तर ती हरकत तिथेच निकाली काढावी. नकाराधिकार कुणालाच नको. इतके केले तर बांधकाम पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबत नाही. आज खटल्यांत जाणारी वर्षे पाहता हा सौदा बिल्डरलाही परवडावा. हे होईपर्यंत शेजाऱ्याच्या हातात जे आहे तेही थोडे नाही. चुकीची माहिती देऊन मिळवलेली परवानगी महापालिका कायद्याच्या कलम २५८ खाली आयुक्त रद्द करू शकतात. रेरा कायद्यामुळे प्रकल्पाची माहिती घरबसल्या दिसते, पण पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीच लागत नाही, आणि बंगल्यांच्या गल्लीतली बरीच कामे नेमकी या सवलतीत बसतात. १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला: मंजूर नकाशाची प्रत बांधकाम चालू असेपर्यंत जागेवर लावलेली असली पाहिजे.

आमच्या शेजारी ती लावलेली नव्हती. मी साइटवरच्या सुपरवायझरला विचारले. तो म्हणाला, ‘काका, नकाशा ऑफिसात आहे.’ मी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, पानाला दोन रुपये भरून नकाशा घेतला आणि साइड मार्जिन टेपने मोजले. बरोबर निघाले. आता तडा आधीचा की नंतरचा हा वाद नको म्हणून आमच्या मागच्या भिंतीचे फोटो, त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी धरून, काढून ठेवले आहेत. तुमच्या गल्लीत पत्रे लागले असतील तर हे सगळे जोता तपासणीच्या आधी करा. जोता झाल्यावर टेपचा उपयोग होत नाही.